उजेड पुस्तकाच्या तोंडावर पडू दे!



गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी पुस्तकांचं कपाट केलं असेल, किंवा करायचं मनात असेल. कपाट झालं की पुढची हौस ठरलेली असते, ती म्हणजे त्यात दिवे लावायचे. आजचा लेख त्याच दिव्यांवर आहे. पण सुरुवात मी आमच्या आजीपासून करणार आहे, कारण हे सगळं तिच्यामुळे कळलं.

आमचं घर तिरुभुवनमला आहे. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर हे गाव येतं. रेशमी साड्यांचं गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि इथल्या साडीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही मूळचे आटपाडीकडचे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी भारतभर पसरली, तशी आमची तिसरी पिढी इथे कावेरीच्या काठाला आहे. आप्पांची गलाईची भट्टी कुंभकोणमला आहे. बाहेर तमिळ आणि घरात माणदेशी मराठी, असा आमचा संसार.

आजी शाळेत चौथीपर्यंत गेली. पण वाचायची आवड अशी की गावाकडून कुणी येणार असलं की खाऊच्या आधी पुस्तकं मागवायची. 'बनगरवाडी', 'फकिरा', 'ययाति' अशी तिची मराठी पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत होती. टाळेबंदीत आप्पांनी आणि मी एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडचं कपाट घरीच केलं, पाच खणांचं, तीन फूट रुंद. आजीची पुस्तकं पहिल्यांदा ट्रंकेतून बाहेर आली.

आणि नेमकं त्यानंतर हळूहळू आजीचं वाचन बंद झालं. उशाशी हरिपाठाची पातळ पुस्तिका असायची, तेवढीच. आम्ही समजलो, वय झालं, मन देवाकडे वळलं. आई तर कौतुकानं सगळ्यांना सांगायची. मीही तेच धरून चालले होते.

फोटो छान आला, पण...

मागच्या वर्षी मला कपाटात दिवे लावायची लहर आली. इंटरनेटवर फोटो बघितले होते. पुस्तकांच्या मागून पिवळसर उजेड झिरपतोय, पुढे एक छोटं रोप, कॉफीचा पेला. मी एलईडीची पट्टी आणली आणि प्रत्येक खणात अगदी मागच्या बाजूला, वरच्या फळीच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात चिकटवली. संध्याकाळी बटण दाबलं. फोटो खरोखर छान आला.

आजीला कौतुकानं कपाटापुढे उभं केलं. तिनं डोळे बारीक केले, वाकून बघितलं आणि म्हणाली, "उजेड भिताडावर पाडलाय की गं पोरी. पुस्तकावर कुटं हाय?"

मी हसले. मग तिच्या शेजारी उभी राहून बघितलं, आणि हसू गेलं. तिचं बरोबर होतं. मागचा उजेड पुस्तकांच्या पाठीमागेच अडत होता. पुस्तकाच्या कण्यावर, म्हणजे जिथे नाव छापलेलं असतं तिथे, पहिल्यापेक्षाही जास्त काळोख वाटत होता. मागे उजेड आणि पुढे सावली. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तसंच.

मग विचारलं, "आजी, तुला यातलं कुठलं पुस्तक कुठलं ते दिसत नाही का?"

"दोन वर्सं झाली, न्हाई दिसत," ती म्हणाली. "ट्रंकेत हुती तवा वरचं वरचं काढून दारात घिऊन बसत हुते. आता उभी लावल्यात. वळखू येत न्हाईत. सारकं सारकं तुमास्नी काय सांगायचं?"

म्हणजे तिचं मन देवाकडे वगैरे वळलेलं नव्हतं. हरिपाठ उशाशी असायचा म्हणून तेवढाच हाताला लागायचा. आम्ही तिच्यासाठी कपाट केलं आणि तिची पुस्तकं तिच्यापासून लांब नेऊन ठेवली. हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आधी डोळे, मग दिवे

एक गोष्ट आधी सांगते. घरातल्या मोठ्या माणसाला दिसेनासं झालंय असं कळलं तर पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दिव्याच्या दुकानात नंतर. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

पण डोळे बरे असले तरी वयाचा भाग उरतोच. वाढत्या वयात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि भिंग पिवळट होत जातं. ढोबळ हिशेब असा सांगतात की विशीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या एक तृतीयांशच साठीत पोचतो. म्हणजे ज्या खोलीत मला सगळं लख्ख दिसतं, ती आजीला तिन्हीसांजेसारखी वाटू शकते. दुसरी अडचण याच्या उलटी आहे. मोतीबिंदू असला की उजेड डोळ्यात शिरताना विखुरतो, त्यामुळे उघडा दिवा समोर आला तर डोळे दिपतात आणि होतं तेवढंही दिसत नाही.

म्हणून कपाटाच्या दिव्यांचं आमचं गणित दोन ओळींत बसलं. पुस्तकावर उजेड जास्त हवा. दिवा मात्र डोळ्याला दिसता कामा नये.

पट्टी कुठे लावायची?

पट्टी फळीच्या पुढच्या काठाला, खालच्या बाजूनं लावायची आणि तिचं तोंड आत, मागच्या दिशेला तिरपं ठेवायचं. असं केलं की उजेड वरून आणि समोरून थेट कण्यावर पडतो. यासाठी बाजारात तिरप्या ॲल्युमिनियमच्या पन्हळी मिळतात. दुकानात नुसतं 'कॉर्नर प्रोफाइल' म्हटलं की देतात. त्यात पट्टी बसवायची आणि वर दुधी रंगाचं झाकण सरकवायचं. झाकणामुळे एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत, एकसंध उजेड पडतो. ॲल्युमिनियम पट्टीची उष्णता खेचून घेतं, त्यामुळे ती जास्त टिकते.

आम्ही प्रत्येक फळीच्या पुढच्या काठाला दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी खाली लोंबेल अशी मारली आणि प्रोफाइल तिच्या आड बसवलं. समोरून दिवा दिसतच नाही. शिवाय तीन फुटी फळी पुस्तकांच्या वजनानं मध्ये झुकायला लागली होती, तिलाही आधार मिळाला.

पण एवढ्यानं भागत नाही. पुस्तकं फळीच्या अगदी काठाशी आली, तर उजेड त्यांच्या डोक्यावर पडतो आणि कणा पुन्हा अंधारात जातो. पार मागे ढकलली तर वरच्या फळीची सावली येते. आमच्या कपाटात कणा काठापासून अडीच इंच आत ठेवला की उजेड नीट बसला. आमची फळी अकरा इंच खोल आहे. आपली नेहमीची डेमी आकाराची मराठी पुस्तकं साडेपाच इंच रुंद असतात. म्हणून मागे तीन इंची लाकडी ठोकळे ठेवले, म्हणजे पुस्तकं कितीही ढकलली तरी तिथेच थांबतात. मागे मोकळी जागा राहिल्यानं भिंतीची ओलही पुस्तकांना थेट लागत नाही. कावेरीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना आणि कोकणातल्या वाचकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

दुकानात जाण्याआधीचा हिशेब

हा हिशेब कागदावर करूनच जा, नाहीतर दुकानदार देईल ते घेऊन याल. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं.

कपाटासाठी 12 व्होल्टची पट्टी पुरते. ती साधारण 5 मीटरच्या गुंडाळीत येते. मीटरला 60 दिवे असलेली पट्टी मीटरला सुमारे 4.8 वॅट घेते, 120 दिव्यांची त्याच्या दुप्पट. पुस्तकांना पहिली पुष्कळ झाली. पट्टी कुठेही कापता येत नाही. तिच्यावर कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. 60 दिव्यांच्या पट्टीत ही खूण दर तीन दिव्यांनी, म्हणजे दर 5 सेंटिमीटरला येते.

आमचा खण आतून 87 सेंटिमीटर आहे, म्हणून 85 सेंटिमीटरचे तुकडे घेतले. पाच खणांचे मिळून सव्वाचार मीटर झाले. गुणिले 4.8, म्हणजे 20.4 वॅट. अडॅप्टर मात्र बरोबर तेवढ्याच वॅटचा घ्यायचा नाही. तो सतत पूर्ण ताकदीनं चालला तर तापतो. पाव हिस्सा वर धरायचा. म्हणजे साडेपंचवीस वॅट. आम्ही 12 व्होल्ट, 3 अँपिअरचा, म्हणजे 36 वॅटचा घेतला. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा, 'आर' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक आहे का ते बघून घ्या.

जोडणी करताना एका खणातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी साखळी करू नका. साखळीत शेवटच्या खणापर्यंत दाब कमी होत जातो आणि तिथला दिवा मलूल पडतो. कपाटाच्या बाजूनं वायरीची एक मुख्य जोडी खालपर्यंत न्या आणि प्रत्येक खणाला तिच्यापासून वेगळा फाटा द्या. अधिक आणि उणे उलटं जोडलं तर पट्टी लागणार नाही, तेव्हा दोन रंगांच्या वायरी घ्या. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या जोडण्या मिळतात, पण आमच्या दमट हवेत त्या हिरव्या पडून सैल होतात. सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली की काळजी मिटते. आमच्या घरी डाग द्यायचं काम आप्पांच्या रोजच्या हाताखालचं. तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करून देईल.

12 व्होल्टचा भाग तुम्ही हातानं करू शकता. 230 व्होल्टचा, म्हणजे भिंतीतला सॉकेट आणि त्याची वायर, हा वायरमनचाच भाग. तिथे हौस नको.

आप्पांनी हात लावला तेव्हा

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

पहिल्या वेळी मी अडॅप्टर लपवला होता. वायर दिसली की फोटो बिघडतो ना! सगळ्यात खालच्या खणात, जाड पुस्तकांच्या मागे तो ढकलून दिला होता. तोही स्वस्तातला, 2 अँपिअरचा, आणि पट्टी 120 दिव्यांची, पुरी सव्वाचार मीटर. गुणाकार करून बघा. 40 वॅटचं ओझं 24 वॅटच्या खांद्यावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आप्पा भट्टीवरून घरी आले, चप्पल काढता काढता थबकले आणि म्हणाले, "कसला वास येतोय?" आम्हा कुणालाच वास आला नव्हता. ते सरळ कपाटाकडे गेले, खालच्या खणातली पुस्तकं बाजूला केली आणि अडॅप्टरजवळ तळहात नेला. पुढचं वाक्य बोलायच्या आत त्यांनी प्लग उपटला.

प्लास्टिक एका बाजूनं मऊ पडलं होतं. त्याला टेकलेल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर तपकिरी डाग आला होता. ते आजीचं पुस्तक होतं.

आप्पा रागावले नाहीत. जन्म आगीशेजारी गेलेला माणूस. एवढंच म्हणाले, "धातू तापला की रंगानं सांगतो. प्लास्टिक वासानं सांगतं, आणि ते बी उशिरा. कागदाशेजारी त्याला कधी ठेवू नये."

आता आमचा अडॅप्टर कपाटाच्या बाहेर, बाजूच्या फळीवर माणसाच्या छातीच्या उंचीवर स्क्रूनं बसवलेला आहे. चारी बाजूंनी हवा लागते आणि कुणालाही दिसतो. दिसू दे. दिवे लावल्यावर अर्ध्या तासानं त्यावर हात ठेवून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेवववत नसेल तर लगेच बंद करा आणि हिशेब पुन्हा तपासा.

त्याच पट्टीची आणखी एक गंमत. मागचा गोंद दमट हवेत आठवड्याभरात सुटला आणि पट्टी पुस्तकांवर लोंबायला लागली. प्लायवूडवर धूळ किंवा पॉलिशचा तेलकटपणा असला की असं होतंच. नुसत्या गोंदावर विसंबू नका. प्रोफाइलच्या क्लिपा स्क्रूनं मारून घ्या.

रंग ओळखू आला पाहिजे

आमच्या शेजारच्या घरात हातमाग आहे. घरातले मामा आयुष्यभर रेशीम विणत आलेत. आम्ही त्यांना तमिळ रिवाजानं मामाच म्हणतो. त्यांच्या घरात सौराष्ट्र भाषा बोलतात, आणि तिच्यात मधूनच आपल्या मराठीसारखा शब्द कानावर पडला की गंमत वाटते. नवीन धाग्याची लड आली की मामा ती ट्यूबलाइटखाली बघत नाहीत. उंबऱ्यात जाऊन दिवसाच्या उजेडात धरतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, ट्यूबखाली जांभळा आणि निळा एकच दिसतात.

दिवा आणताना मला हे आठवलं, कारण आजी पुस्तकं नावानं कमी आणि मुखपृष्ठाच्या रंगानं जास्त ओळखते. "ते तांबड्या पाठीचं दे" असं तिचं मागणं असतं. तांबडं तांबडं दिसलं पाहिजे. यासाठी खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा बघायचा. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचं ते माप आहे आणि 100 हा त्याचा सगळ्यात वरचा आकडा. 90 किंवा त्याच्या वरची पट्टी घ्या. साध्या पट्टीपेक्षा महाग पडते, पण फरक उघड दिसतो.

दुसरा आकडा उजेडाच्या छटेचा, केल्विनमध्ये लिहिलेला. 2700 ते 3000 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, 4000 म्हणजे ना पिवळा ना निळा, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपल्या दुकानात न विचारता हातात येतो तो बहुतेक वेळा 6500. तो पुस्तकाच्या कपाटाला नको. झोपायच्या आधी डोळ्यांवर येतो आणि जुना कागद मढ्यासारखा दिसतो, असं आजीचं मत. आम्ही 3000 आणि 4000 दोन्ही तुकडे लावून तिलाच विचारलं. तिनं 4000 निवडला. तुमच्या घरी 3000 पसंत पडेल. ज्याच्यासाठी दिवा लावताय, त्याला विचारून ठरवा.

दिवा किती वेळ?

दिवे लावल्यावर पहिला आठवडा आम्ही ते रात्रभर ठेवत होतो. शोभा म्हणून. मग कॉलेजात असताना बघितलेलं तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आठवलं.

तंजावर आमच्याकडून पन्नासेक किलोमीटर. तिथली ग्रंथसंपदा नायक राजांच्या काळापासूनची. तिला खरं वैभव दिलं ते दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी, ज्यांची कारकीर्द 1798 ते 1832. 1918 मध्ये ते ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. ताडपत्रं, कागदी हस्तलिखितं, मोडीतली कागदपत्रं, आणि नुसती मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या आसपास. महाराष्ट्रापासून इतक्या दूर आपली भाषा कुणीतरी एवढी जपून ठेवली, याचं तिथे उभं राहिल्यावर नवल वाटतं. अशा ठिकाणी जुन्या पोथ्या फडक्यात बांधून, वेखंडासारख्या उग्र वासाच्या मसाल्यांच्या पुरचुंड्या शेजारी ठेवून सांभाळल्या जात. कीड नको, ओल नको आणि उगाच उजेडही नको.

कारण उजेड कागदाला आणि रंगाला झिजवतो. एलईडीमध्ये अतिनील किरणं जवळजवळ नसतात, हे खरं. पण साधा दिसणारा उजेडही शाई, रंगीत मुखपृष्ठ आणि रेशीम फिकं करतो. झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं. किती उजेड आणि किती तास, यांचा गुणाकार महत्त्वाचा. म्हणून संग्रहालयांमध्ये रेशीम किंवा रंगीत कागद अशा नाजूक वस्तूंवर 50 लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवायचा संकेत आहे.

आपलं घर संग्रहालय नाही. पुस्तकं वाचायलाच आणलेली असतात. पण हिशेब बघा. समजा, दिव्याचा कण्यावर 150 लक्स उजेड पडतो आणि तो तीन तास लावला, तर दिवसाचे 450 झाले. तेच कपाट खिडकीसमोर असेल आणि दिवसा आठ तास 2000 लक्स पडत असेल, तर 16,000 झाले. म्हणजे दिव्याची धास्ती घेण्याआधी कपाट उन्हाच्या तिरिपेतून हलवा. मग दिवा हवा तेवढाच लावा. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते उजेडाच्या खणात ठेवूच नका. आमच्या आजोबांची भट्टीच्या हिशेबाची वही आणि आजीच्या लग्नाचा फोटो आता खालच्या बंद कप्प्यात, सुती कापडात गुंडाळून ठेवले आहेत.

रोजचे तीन तास आणि अडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून महिन्याला सव्वादोन युनिटांच्या आतच खर्च होतो. बिलाची भीती नको.

बटण की सेन्सर?

मला हौस होती माणूस समोर आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांची. आणला, लावला. पण असा सेन्सर हालचाल ओळखतो, माणूस ओळखत नाही. आजी पुस्तक काढून तिथेच उभ्यानं दोन पानं वाचायला लागली की थोड्या वेळानं दिवे बंद. मग ती हात हलवायची. दोन दिवसांनी म्हणाली, "ह्येला सारका रामराम घालाय लागतोय. मला बटान दे."

आता कंबरेच्या उंचीवर मोठं, टकटक आवाज करणारं बटण आहे. अंधारातही हाताला लागतं.

एक सूचना पावसाळ्याची. आमच्याकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तुमच्याकडे जूनमध्ये. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याकडे झेपावतात. त्यांच्या मागून पाल येते. तेवढ्या दोन-चार संध्याकाळी खिडक्या लावून घ्या किंवा कपाटाचे दिवे बंद ठेवा. कपाटात वाळवीला आमंत्रण द्यायला नको.

आज रात्री एवढं करून बघा

काही विकत आणण्याआधी एक करा. खोलीतला दिवा बंद करा. मोबाइलचा टॉर्च आधी पुस्तकांच्या मागे धरा. मग फळीच्या पुढच्या काठाला, आतल्या बाजूला तोंड करून धरा. घरातल्या सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसाला शेजारी उभं करा आणि त्यांना पुस्तकांची नावं वाचायला सांगा. पट्टी कुठे लावायची ते तिथेच कळेल. आणि त्यांना इतके दिवस दिसत होतं की नव्हतं, तेही कळेल. आम्ही दोन वर्षं विचारलंच नव्हतं.

नवे दिवे लागले त्या संध्याकाळी आजी बराच वेळ कपाटापुढे उभी होती. एकेका कण्यावरून बोट फिरवत नावं वाचत होती, मोठ्यानं, शाळेतल्या पोरीसारखी. तिसऱ्या खणाशी थांबली आणि तपकिरी डाग पडलेलं ते पुस्तक ओढून काढलं. मी काही बोलायच्या आत तिनं डाग बघितला, पदरानं उगाच पुसल्यासारखं केलं आणि खुर्चीत जाऊन बसली.

'बनगरवाडी' होतं. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.